चार चाकांची गाय

सिंगापूरहून परत येऊन आता महिना होत आला, तरी आमच्या सांगलीच्या गल्लीत कोणीही भेटलं की विचारतं, "काय काय पाहिलंत?" मी खरं उत्तर देते. म्हणते, "गाय पाहिली." लोकांना वाटतं, बाईंचं वय झालं. निवृत्त मुख्याध्यापिकेनं विमानाचं तिकीट काढावं, समुद्र ओलांडावा आणि गाय बघून परत यावं, हे कोणाला पटणार? समोरच्या काकूंनी तर फाटकापाशी रवंथ करत बसलेल्या गाईकडे बोट दाखवून "हिच्यात काय कमी होतं?" असंही विचारलं. म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांना उंच इमारती, दिव्यांची झाडं आणि पाणी ओकणारा सिंह यांच्याविषयी वाचायचंय त्यांनी दुसरीकडे जावं. मी ते सगळं टॅक्सीच्या खिडकीतून पाहिलं, आणि तेव्हाही गाईचं एक शिंग माझ्या मांडीवर होतं.

वुडलँड्स

माझी धाकटी बहीण मंजिरी आणि तिचे यजमान प्रकाशराव वुडलँड्सला राहतात. सिंगापूरचं हे उत्तरेकडचं टोक. त्यांच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीतून खाडी दिसते आणि खाडीपलीकडे मलेशिया. आपण सांगलीहून मिरजेला जावं तसे इथले लोक सुट्टीच्या दिवशी परदेशात जाऊन भाजी घेऊन येतात. प्रकाशराव अकाउंटंट, आणि इतके शिस्तीचे की लिफ्टमध्ये एकटे असले तरी कोपऱ्यात अंग चोरून उभे राहतात. मुलगा मेलबर्नला शिकतो. घरात दोघंच असतील अशा समजुतीनं मी दिवाळीला गेले, सोबत चांगली तीन किलो चकलीची भाजणी घेऊन.

दार उघडलं तर हॉलमध्ये गाय.

पांढरीशुभ्र, आपल्या खिल्लारएवढी. प्लायवूडचा सांगाडा, त्यावर फोम, फोमवर ताणून शिवलेली चादर. डोळ्यांच्या जागी लोणच्याच्या बरण्यांची काळी झाकणं. चारी खुरांखाली ऑफिसच्या खुर्चीची चाकं. तिला जागा व्हावी म्हणून सोफा बेडरूममध्ये ढकलला होता.

"या ताई, या. जरा या बाजूनं या, शिंग लागेल," प्रकाशराव म्हणाले. जणू गाय पहिल्यापासून घरातलीच आणि मीच काय ती नवी.

चहा पिताना उलगडा झाला. प्रकाशराव आणि त्यांचे मित्र नेने पुण्यात शिकायला असताना एका खोलीत राहायचे. दोघांना घोडे, टोप्या आणि पिस्तुलांच्या इंग्रजी सिनेमांचं वेड. अभ्यास सोडून त्यांनी तेव्हा एक गोष्ट रचली होती. वाळवंटातल्या गावात एक गुरंचोर असतो, पण त्याला स्वतःलाच गाईची भयंकर भीती वाटते. तो एकच गाय तीनदा चोरतो आणि दर वेळी ती आपली आपण परत येते. त्याच्या मागावर एक शेरीफ, म्हणजे आपला फौजदार. पुढे नशिबानं दोघंही सिंगापूरला आले. दर रविवारी कॉफी पिताना गोष्ट निघायची आणि दर रविवारी ठरायचं, पुढच्या वर्षी सिनेमा काढायचा.

आता पुढचं वर्ष नव्हतं. नेन्यांच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्यांची नोकरी गेली. त्यांचं इथलं राहणं नोकरीच्या पासवर. नोकरी नाही तर पास नाही, पास नाही तर सिंगापूर नाही. पन्नाशीत नवीन कोण घेणार? बायको-मुलं आधीच पुण्याला गेली होती. येत्या सोमवारी नेनेही कायमचे निघणार होते. तेव्हा सिनेमा काढायचा तर शनिवारी, नाहीतर कधीच नाही.

"दोन माणसांचा कसला हो सिनेमा?" मी विचारलं.

"तीन, ताई. गाय धरून," प्रकाशराव म्हणाले. चोर नेने, फौजदार ते स्वतः, आणि मोबाइलवर चित्रण करायला मंजिरी.

वसुबारस

शुक्रवारी वसुबारस होती. मंजिरी परदेशात राहूनही सगळे सण पाळते, किंबहुना परदेशात राहून जास्तच पाळते. दरवर्षी ती फ्रिजवर चिकटवलेल्या गाय-वासराच्या चित्राची पूजा करते. आम्ही दोघींनी उपास धरला. गहू नाही, दूध नाही. लिटल इंडियात गवार मिळाली, बाजरीचं पीठ घरात होतं. संध्याकाळी प्रकाशराव आणि नेने टोप्या आणायला बाहेर पडले आणि मंजिरीच्या मैत्रिणी पूजेला आल्या.

पहिली जी आली तिनं दारातच हात जोडले. "अय्या मंजिरी, या वर्षी साक्षात!"

मग फ्रिजकडे कोण बघतंय? वासरू नव्हतं, म्हणून मेलबर्नच्या चिरंजिवांचा जुना कापडी पाणघोडा गाईच्या पुढ्यात बसवला. वयानं मोठी म्हणून पूजा माझ्याकडे आली. मी गाईच्या पायांवर पाणी घातलं, बेतानं, कारण प्लायवूड फुगतं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ झाली. तोंडापाशी उडदाचे वडे ठेवले. आरती इतकी रंगली की गाईच्या झाकणांच्या डोळ्यांत निरांजन हलताना दिसायला लागलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी ती फोमची आहे हे माझ्याही डोक्यातून गेलं होतं.

मैत्रिणी गेल्या आणि दोघं मित्र टोप्या घालून आले. गाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू बघून नेन्यांनी पहिल्यांदा टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. प्रकाशरावांनी कपाळाला हात लावला.

"मंजू, अगं हिला उद्या चोरायचीय!"

"पूजलेली गाय चोरायची? माझ्या घरातून?"

"सिनेमात गं, सिनेमात!"

"सिनेमात असली तरी गळ्याला दोरी खरीच लावणार ना?"

प्रकाशरावांनी मोठ्या आशेनं नेन्यांकडे पाहिलं. नेने कॉम्प्युटरवाले, यंत्राला विचार करायला शिकवणं हा त्यांचा धंदा.

"पक्या, वहिनींचं बरोबर आहे," नेने म्हणाले. "मी नाही चोरणार. सोमवारी विमानात बसायचंय मला."

प्रकाशराव सोफ्यावर बसायला गेले, पण सोफा तिथे नव्हता. मग ते गाईशेजारी जमिनीवरच टेकले. "म्हणजे राहिलंच," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. ते फक्त सिनेमाबद्दल बोलत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं.

भाकरी आणि गवार आम्ही गाईशेजारीच बसून खाल्ली. एवढी वर्षं शिक्षकांच्या खोलीतली भांडणं मिटवण्यात गेली, ती सवय शेवटी उपयोगी पडली. मी म्हटलं, "हे बघा, गणपतीचं काय करतो आपण? उत्तरपूजा करतो, अक्षता वाहतो आणि मूर्ती जागेवरून जरा हलवतो. मग विसर्जनाला मोकळे. हिचंही तसंच करू. उद्या सकाळी उत्तरपूजा, चार बोटं हलवायची. त्यानंतर तो फोम. खुशाल चोरा."

"गाईची उत्तरपूजा असते?" मंजिरीनं विचारलं.

"चाकं असलेल्या गाईची असते," मी ठणकावून सांगितलं. शास्त्रात याबद्दल काही सापडणार नाही, याची मला खात्रीच होती.

शनिवारी सकाळी दहीपोह्यांचा नैवेद्य झाला, अक्षता वाहिल्या. आता हलवायची कोणी? मंजिरी म्हणाली, "मला नाही होणार." नेने आधीच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरकले होते. शेवटी प्रकाशराव पुढे झाले. त्यांनी गाईच्या पाठीमागे दोन्ही तळवे टेकवले, डोळे मिटले आणि हळूच ढकललं. चाक कुरकुरलं.

"हलली," मी जाहीर केलं.

मंजिरीनं ओढणीनं डोळे टिपले.

ईस्ट कोस्ट

लिफ्टमध्ये गाय मावेना. शिंगं काढली, शेपूट आत घेतलं, तरी नाक बाहेर. शेजारच्या चिनी आजीबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि शांतपणे दार उघडं ठेवायचं बटण दाबून उभ्या राहिल्या.

"वाह, सो बिग! गोइंग व्हेअर?"

"ईस्ट कोस्ट," प्रकाशराव कोपऱ्यातून म्हणाले.

"गुड, गुड. सी साइड मोअर विंडी," आजीबाई म्हणाल्या, गाय तिरपी करून आत गेल्यावर बटण सोडलं आणि पुढच्या लिफ्टची वाट बघू लागल्या. एक प्रश्न जास्तीचा नाही! आमच्याकडे एव्हाना निम्मी गल्ली गाईमागून चालायला लागली असती आणि उरलेली निम्मी सल्ले देत असती. गाय भाड्याच्या व्हॅनमधून गेली. आम्ही टॅक्सीनं, शिंगं मांडीवर घेऊन.

ईस्ट कोस्ट म्हणजे समुद्रकाठची लांबच लांब बाग. समुद्रात जहाजं अशी एकामागे एक उभी, की जणू प्रत्येकाला टोकन दिलंय. काठानं झाडं, कापलेलं गवत, सायकलींचा रस्ता, मागे कॉन्डोच्या इमारती. वाळूसुद्धा कोणीतरी सकाळीच झाडून ठेवल्यासारखी. हे सगळं बघून डोळे निवतात, पण आम्हाला वाळवंट हवं होतं. घोड्यांच्या टापांनी उडते तशी धूळ हवी होती. सबंध बागेत चिमूटभर धूळ सापडली नाही. सांगलीत फक्त खिडकी उघडी ठेवली असती तर काम झालं असतं.

प्रकाशराव माझ्या पिशवीकडे बघू लागले. तीत निम्मी भाजणी होती, मंजिरीच्या इथल्याच एका मैत्रिणीला द्यायची म्हणून आणलेली.

"ताई, हिचा रंग अगदी ॲरिझोनाच्या वाळवंटासारखा आहे हो."

तांदूळ, डाळी, धणे, जिरे, सगळं मी वेगवेगळं मंद आचेवर भाजून आणलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. मंजिरीनं एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हातातला बॅटरीचा पंखा सुरू केला आणि माझी भाजणी वाळवंट होऊन उडाली. त्या धुळीतून नेने काऊबॉयच्या टोपीत दमदार पावलं टाकत आले आणि सटासट शिंकले. सगळ्या किनाऱ्यावर भाजल्या डाळीचा वास सुटला. पुढच्याच क्षणी कुठून कुठून साळुंक्या येऊन वाळवंट खाऊ लागल्या.

अर्ध्या चड्डीतले एक चिनी काका चालता चालता थांबले. "आंटी, कॅनॉट फीड द बर्ड, यू नो? विल काना फाइन." दंड होईल, असं म्हणत होते ते.

"आय ॲम नॉट फीडिंग," मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं. "धिस इज द वाइल्ड वेस्ट."

काकांनी भाजणी पाहिली, टोप्या पाहिल्या, कुंकू लावलेली गाय पाहिली. "ओके," ते म्हणाले. "देन यू स्वीप आफ्टर."

प्रकाशरावांनी लगेच पिशवीतून केरसुणी आणि सुपली काढली. ती त्यांनी घरूनच आणली होती! फौजदार आणि चोर दोघंही वाळवंट झाडू लागले. काकांना ते आवडलं असावं, कारण ते तिथेच बाकावर बसून राहिले.

चोरीला सुरुवात झाली. पहिल्या चोरीत नेने गाईला दोरी लावून जिवाच्या आकांतानं पळत सुटतात आणि मागे फौजदार. पण मध्ये सायकलींचा रस्ता, त्यावर पांढरे पट्टे. नेने पट्ट्यांपाशी येऊन थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एका बाईंना सायकलवरून जाऊ दिलं, त्यांच्या मुलाला जाऊ दिलं. फौजदारही मागे येऊन थांबले.

"नेन्या, पळ! चोर आहेस तू!"

"चोर असलो तरी पासवर आहे मी," नेने म्हणाले. "तू पीआर आहेस, इथला कायमचा रहिवासी. तू पळ."

हसून हसून मंजिरीच्या हातातला मोबाइल हलला, तो तसाच सिनेमात राहिला.

दुसऱ्या चोरीनंतर गाय आपली आपण परत येते, ते दृश्य दोरा बांधून घ्यायचं ठरलं होतं. त्याची गरजच पडली नाही. नेन्यांनी गाय जरा चढावर उभी केली आणि घाम पुसायला पाठ फिरवली. गाय हळूहळू निघाली. आम्ही ओरडेपर्यंत तिनं वेग घेतला आणि नेन्यांना मागून अशी धडक दिली, की ते उताणे पडले आणि गाय त्यांच्यावर मान वाकवून उभी राहिली. नेन्यांनी मारलेली किंकाळी अभिनयाची नव्हती. बाकावरचे काका उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

राहिला शेवटचा शॉट. तिसऱ्यांदा गाय चोरणाऱ्या चोराला फौजदार पकडतो, पण आता तोही कंटाळलेला असतो. तो म्हणतो, "ने बाबा," आणि चोर गाय घेऊन मावळत्या सूर्याकडे निघून जातो. इथे सूर्य समुद्रात नाही, कॉन्डोंमागे मावळतो. त्यामुळे चोराला कार पार्ककडे जावं लागलं, पण तरीही ते दृश्य छान झालं. उन्हं तिरपी, पाठमोरे नेने, शेजारी डुगडुगत जाणारी गाय. पहिल्याच खेपेला जमलं.

"अजून एक," प्रकाशराव म्हणाले. टोपी वाकडी होती म्हणे.

नेने परत आले, परत गेले. मग मध्ये कोणाचं कुत्रं आलं. मग ढग आला. मग काहीच आलं नाही, तरी "अजून एक." नेने प्रत्येक वेळी गाय घेऊन कार पार्कपर्यंत जात आणि तिला वळवून परत आणत.

"पक्या, झालं रे," शेवटी ते म्हणाले.

"नाही झालं. तू जाताना बरोबर जात नाहीयेस."

नेने परत निघाले. उजेड पार गेला तेव्हाच ते थांबलं.

तिथल्याच हॉकर सेंटरला, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवलो. लोक टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवतात आणि खुशाल जेवण आणायला जातात, जागेला कोणी हात लावत नाही. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तेच हे, फक्त इथे त्यावरून मारामाऱ्या होत नाहीत. आमची जागा गाईनं धरली. मी कॅरट केक मागवला, तर त्यात गाजर नव्हतं आणि तो केकही नव्हता. मुळ्याच्या वड्या होत्या, परतलेल्या, वर अंडं. मी ती बशी नेन्यांकडे सरकवली. ते प्रत्येक घास सावकाश खात होते, आणि प्रकाशराव स्वतःचं ताट विसरून त्यांच्याकडे बघत होते.

सेरंगून

रविवारी नेन्यांच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर गेलो. पलंग एकाला, टेबल दुसऱ्याला, मिक्सर आणि कढीलिंबाची कुंडी मंजिरीला असं करत घर रिकामं झालं होतं. भिंती तेवढ्या उरल्या होत्या. पडदे ओढून, मागून आणलेल्या प्रोजेक्टरनं आम्ही त्या भिंतीवर सिनेमा पाहिला. फरशीवर मांडी घालून बसलो होतो. झेब्रा पट्ट्यांवर थांबलेला चोर बघून मी लोळायची बाकी राहिले. गाईची धडक तर नेन्यांनी स्वतःच तीन वेळा मागे नेऊन लावली.

मग शेवट आला. काही कापलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे शॉट एकामागून एक लागले. नेने गाय घेऊन निघाले. पुन्हा निघाले. पुन्हा निघाले. कोणी हसेना. रिकाम्या भिंतीवर एकच माणूस पाठ फिरवून जात राहिला.

"पहिलाच बरोबर होता," मंजिरी हळू आवाजात म्हणाली.

"माहितीये मला," प्रकाशराव म्हणाले.

चांगी

सोमवारी चांगी विमानतळावर आम्ही तिघं आणि नेने. मोठ्या बॅगा आधीच आत गेल्या होत्या, हातात चार चाकांची लहान बॅग उरली होती. टोपी कुठल्याच बॅगेत मावली नाही, म्हणून डोक्यावर होती. मंजिरीनं डब्यातून आणलेलं दही-साखर त्यांच्या तळहातावर घातलं. ते त्यांनी आज्ञाधारकपणे चाटलं.

मग नेने बोलायला लागले. कढीलिंबाच्या कुंडीला रोज पाणी नको. मिक्सरचं झाकण घट्ट लागतं, जोर लावायचा नाही. प्रकाशराव प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होते. बोलणं संपलं. दोघं काचेच्या दारासमोर उभे राहिले. दार आपोआप उघडत होतं, बंद होत होतं, माणसं आत जात होती.

"निघतो," नेने म्हणाले. पाय काही उचलेनात.

प्रकाशराव त्यांच्या बॅगेकडे बघत राहिले. आयुष्यभर मी मुलींना वेळेवर वर्गात पाठवलं, पण नेन्यांना "चला आता" म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

मंजिरीनं पर्स उघडली. कागदाची पुडी सोडून तिनं चिमूटभर अक्षता घेतल्या आणि नेन्यांच्या बॅगेवर वाहिल्या. आमच्यापैकी कोणीही हसलं नाही. नेन्यांनी टोपी काढली. आम्ही सगळ्यांनी प्रकाशरावांकडे पाहिलं.

ते वाकले. बॅगेला मागून दोन्ही तळवे टेकवले, डोळे मिटले आणि हळूच ढकललं. चार बोटं. विमानतळाची फरशी गुळगुळीत, चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही.

"हलली," मी म्हटलं.

नेन्यांनी बॅग धरली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि दारातून आत गेले. सरळ, मागे न बघता, अगदी बरोबर. प्रकाशराव तसेच वाकून उभे होते, दोन्ही तळवे पुढे करून.